चांदणी चौकाच्या पलीकडे

२२ डिसेंबर २०२० रोजी बावधनच्या हद्दीत एक रानगवा दिसला. त्याच्या तेरा दिवस आधी, ९ डिसेंबरला, कोथरूडच्या महात्मा सोसायटीत असाच एक गवा शिरला होता. त्याच्यामागे मोबाइल घेतलेली गर्दी धावली. तो गल्लीबोळांतून, फाटकांवर धडका देत पळत राहिला, धापा टाकत थकला, पकडला गेला आणि त्याच दिवशी मेला. पुण्यातल्या कित्येकांना त्या दिवशी मनापासून लाज वाटली. बावधनला दुसरा गवा आला, तेव्हा वनखात्याने आणि पोलिसांनी गर्दी लांबच रोखली, वाट मोकळी ठेवली आणि गवा आपल्या पायांनी जंगलाकडे परतला.

कोथरूड आणि बावधन यांच्यामध्ये एक टेकडी आहे आणि तिच्या खिंडीत चांदणी चौक. अंतर म्हणाल तर काही किलोमीटरांचं. टेकडीच्या अलीकडे आलेल्या जनावराला परतायला वाट उरली नव्हती, पलीकडे आलेल्याला अजून होती. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शहर सोडून बावधनला राहायला आलेली माणसं नेमकी याच फरकासाठी आली. शहर हाताशी हवं, पण अंगावर नको. मंडई, दवाखाना, नाटकाचं थिएटर, मुलांचं कॉलेज अर्ध्या तासावर असावं आणि सकाळी खिडकी उघडली की समोर टेकडी दिसावी. यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. शहरात वाढलेल्या माणसाला पायाखाली माती आणि रात्री अंधार हवासा वाटणं ही निरोगी इच्छा आहे.

तरीही बावधनमध्ये फिरताना एक गोष्ट पुन्हापुन्हा जाणवते. आम्ही शहरातून आलेल्यांनी गावातली जागा घेतली, गाव घेतलं नाही. गावाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, वाट कोणाची, गायरान कोणाचं, गावचा निर्णय कोण आणि कधी घेतं, यांत आम्ही शिरलोच नाही. ज्यासाठी आलो ते आमच्या डोळ्यांदेखत आटत गेलं, त्याला बिल्डर आणि पुढारी जितके कारण आहेत तितकीच आमची ही अलिप्तताही आहे. आज तीच इच्छा मनात धरून भूगाव, भुकूम, पिरंगूट, पौडच्या दिशेने रविवारी जागा बघत फिरणाऱ्यांनी बावधनचा हा इतिहास समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

(सातारा जिल्ह्यातल्या वाचकांना बावधन म्हटलं की वाईजवळचं, रंगपंचमीच्या बगाडाचं बावधन आठवेल. हे ते नव्हे. हे मुळशी तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाचं बावधन.)

*

पुण्याने आजवर अशी बरीच गावं पोटात घेतली आहेत. एरंडवणे गाव होतं, कोथरूड गाव होतं, पाषाण गाव होतं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि त्यानंतर शहराने नदीपलीकडे पाय पसरले. कोथरूडच्या शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या. एका पिढीने तिथे हौसेने बंगले बांधले, कारण ते शहराबाहेर होतं. पुढच्या पिढीच्या वाट्याला तेच कोथरूड शहराचा गाभा म्हणून आलं. मग नजर पौड रस्त्याने पुढे, खिंडीपलीकडे गेली.

बावधन दोन आहेत, खुर्द आणि बुद्रुक. १९९७ साली ३८ गावं पुणे महापालिकेत घेण्यात आली. विरोधानंतर त्यातली काही पुन्हा वगळली गेली आणि जी तेवीस उरली त्यांत बावधन खुर्द होतं. बुद्रुक मात्र ग्रामपंचायतीत राहिलं, तेही थेट ३० जून २०२१ पर्यंत. त्या दिवशी सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी, वाघोली अशा बावीस गावांबरोबर ते महापालिकेत गेलं. म्हणजे एकाच नावाच्या दोन गावांपैकी एक चोवीस वर्षं शहर होतं आणि दुसरं कागदावर गाव. एका इमारतीतल्या माणसाने नगरसेवक निवडायचा आणि थोड्या अंतरावरच्या इमारतीतल्याने सरपंच.

इथे कोण आलं? आधी निवृत्तीच्या वाटेवरची मंडळी आली. बँकेतले, संशोधन संस्थांतले, लष्करातले. पाषाणला १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली होती, पुढे त्या रस्त्यावर एकेक संस्था उभी राहिली, त्यामुळे त्या बाजूच्या लोकांना बावधन परकं नव्हतं. पाठोपाठ हिंजवडीची आयटी नगरी वाढली. हिंजवडीही मुळशी तालुक्यातलीच, पण आयटीतल्या तरुण जोडप्यांना तिथे राहायचं नव्हतं. महामार्गावरून हिंजवडीला जाता येतं आणि खिंड ओलांडली की कोथरूड, म्हणून त्यांनी बावधन निवडलं. पहिल्यांनी झाडं लावली. ती झाडं आज तिसऱ्या मजल्याच्या वर गेली आहेत आणि बावधनमध्ये आजही जी काही सावली आहे ती बरीचशी त्यांच्या हातची आहे, हे नोंदवायला हवं. दुसऱ्यांना झाडं लावायला जागाच उरली नव्हती.

*

आता दुसरी बाजू. ज्याने जमीन विकली त्याची.

मुळशी हा भाताचा तालुका. उन्हाळ्यात राब भाजायचा, रोहिणी-मृगाला तरवा टाकायचा, आषाढात खाचरात चिखलणी करून आवण लावायचं. लावणीला एकट्या घराची माणसं पुरत नाहीत, म्हणून इर्जिक. आज तुमच्या खाचरात, उद्या माझ्या. तालुक्याच्या या टोकाला, बावधनकडे, पाऊस कमी होत जातो, तिथे भाताबरोबर ज्वारी, कडधान्यं, माळवं. आंबेमोहोर हे इकडचं जुनं, सुवासाचं भात. त्याला आता भौगोलिक मानांकन आहे. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी आलं आणि मावळ-मुळशीत घरोघर रुजलं. पुण्यात आज जो इंद्रायणीचा भात आवडीने खाल्ला जातो तो अशा खाचरांतला.

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. चार भावांत तीन एकर असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला तीस गुंठे येतात. तेवढ्यावर घर चालत नाही, मुलगा कंपनीत हंगामी कामाला जातो, आणि एक दिवस एजंट दारात येतो. गुंठ्याचा भाव ऐकून घरातला म्हातारा गप्प होतो आणि तरुण उठून बसतो. आलेल्या पैशांत कर्ज फिटतं, बहिणीचं लग्न होतं, पक्कं घर होतं, गाडी येते. पुण्यात अशांना गुंठामंत्री म्हणून हिणवायची पद्धत आहे. हिणवणारे बहुधा त्याच गुंठ्यांवर बांधलेल्या घरात राहतात. जमीन पिढ्यान्‌पिढ्या पोसते आणि पैसा एकदाच येतो, हे त्या घराला कळत नव्हतं असं नाही. पण तीस गुंठ्यांवर शेती करून शहराच्या कडेला टिकून राहण्याचा दुसरा कोणता रस्ता आपण त्यांच्यासमोर ठेवला होता? २०१८ साली प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला आणि जमीन विकून उघड्या पडलेल्या घरातली पोरं गुन्हेगारीकडे कशी ओढली जातात, ते महाराष्ट्राने पडद्यावर पाहिलं. त्यातल्या हाणामारीची चर्चा फार झाली. सातबाऱ्यावरून नाव उतरलेल्या बापाची तेवढी झाली नाही.

मुळशीकरांना जमीन जाण्याचं दुःख नवं नाही. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मुळशी पेट्यात धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणात पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जाणार होत्या. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी दिली. धरण झालं. मुळेचं पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला भिऱ्याला उतरवून वीज तयार होऊ लागली आणि तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्या काळात जमीन सक्तीने घेतली गेली, आता ती राजीखुशीच्या खरेदीखताने जाते. आणि पुण्याच्या नळाला येणाऱ्या पाण्याच्या चार धरणांपैकी टेमघर याच तालुक्यात आहे. वीज, पाणी, भात, जमीन आणि रविवारची हवा, या सगळ्यासाठी शहरं मुळशीकडे हात पसरत आली आहेत.

कायद्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गावाकडे जागा घेणारे पहिल्यांदा अडखळतात ते इथे. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरावीक क्षेत्राखाली तुकडे पाडायला मनाई केली. २०२३ साली शासनाने बागायतीसाठी दहा गुंठे आणि जिरायतीसाठी वीस गुंठे अशी मर्यादा ठरवली. यावरचा उपाय म्हणून दहा जणांच्या नावाने एक एकर सामाईक खरेदी करायची आणि जागेवर मात्र प्रत्येकाने चार-चार गुंठ्यांना तार घालायची, हा प्रकार तालुकाभर चालत आला. सातबाऱ्यावर दहा नावं आणि हिस्सा कोणाचा कुठे ते कागदावर नाही. अशा जागेत रस्ता अडला, विहिरीवरून वाद झाला किंवा एकाला विकायचं झालं की सगळे अडकतात. फार्महाऊस प्लॉटच्या जाहिरातीत हे कुठे लिहिलेलं नसतं.

*

बावधन समजून घ्यायचं तर रामनदीच्या काठाने चालावं. भूगावजवळ खाटपेवाडीच्या तलावापाशी ही नदी उगम पावते. भूगाव, बावधन, पाषाण, सुतारवाडी, सोमेश्वरवाडी, बाणेर, औंध असा तिचा प्रवास आणि शेवटी मुळेला भेट. सगळी मिळून वीस किलोमीटरांच्या आतली. वाटेत पाषाण तलाव, ब्रिटिश काळात बांधलेला, एकेकाळी हिवाळी पक्ष्यांसाठी नाव असलेला आणि आता वर्षाचा बराच काळ जलपर्णीने झाकलेला. सोमेश्वराचं जुनं देऊळ याच नदीच्या काठावर. पावसाळ्यात वरच्या भागात अजूनही पाणी नितळ दिसतं. बावधन ओलांडलं की वास बदलतो.

या भागातला खडक म्हणजे बेसॉल्ट, लाव्हाच्या थरांवर थर. आपल्याकडचे विहीर खोदणारे त्याला काळा पाषाण म्हणतात आणि त्यामधल्या सच्छिद्र, फुटक्या थराला मांजऱ्या. काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते साठतं मांजऱ्यात, भेगांत आणि वरच्या मुरमात. टेकडीवर पडलेला पाऊस गवताने अडवला, मुरमातून हळूहळू झिरपला, तर तो डिसेंबर-जानेवारीत झऱ्याच्या रूपाने खाली नदीकाठी फुटतो. बावधनमध्ये असे जिवंत झरे आहेत आणि ते वाचावेत म्हणून तिथल्या नागरिकांनी धडपडही केली आहे. टेकडीचा पायथा खोदून दोन मजली तळघर पार्किंग केलं की मुरूम आणि मांजऱ्या दोन्ही कापले जातात. खड्ड्यात महिनोन्‌महिने पंप चालू असतो, पाणी उपसून गटारात सोडलं जातं. ते त्या टेकडीचं पुढच्या उन्हाळ्याचं पाणी असतं. बांधकामाच्या जागेसमोरून जाताना वाहणारी ती पांढरट धार मी जितक्या वेळा पाहिली, तितक्या वेळा मला राग आला आहे.

मुळशी म्हणजे पाऊस, त्यामुळे पाण्याची चिंता नाही, असा एक समज शहरातून जागा बघायला येणाऱ्यांच्या मनात पक्का असतो. ताम्हिणी घाटात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो हे खरं, पण पुणे शहरात सरासरी सातशे-साडेसातशे. त्या दोन टोकांमधलं अंतर साठ किलोमीटरही नाही. पूर्वेला सरकाल तसा पाऊस झपाट्याने उतरतो, आणि बावधन पूर्वेच्या टोकाला आहे. गावाच्या जुन्या विहिरी पन्नास-शंभर घरांना पुरत होत्या. पुढे प्रत्येक सोसायटीने आपापली बोअर मारली, ती आटली की आणखी खोल मारली, शेकडो फुटांपर्यंत. मग टँकर. मार्चपासून बावधनच्या गल्ल्यांत टँकरच्या रांगा लागतात. गावाची शांतता हवी म्हणून आलेल्या माणसाची पहाट टँकरच्या पंपाच्या आवाजाने उजाडू लागली.

जे पाणी उन्हाळ्यात मिळत नाही तेच पावसाळ्यात अंगावर येतं. २०१० च्या पावसात रामनदीला पूर आला आणि पाषाण-बाणेरच्या वस्तीत पाणी शिरलं. नदीचं पात्र जिथे राडारोडा टाकून आवळलं होतं, तिथे ती पसरली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाला आंबील ओढ्याने तेच केलं, आणि त्या रात्री पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. ओढ्याची जागा सातबाऱ्यावर दिसत नाही. गावनकाशावर दिसते. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो काठीने दाखवतो, पाणी इथून वळायचं, इथे भोवरा पडायचा. त्याला विचारायला कोण गेलं होतं?

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या भागांत गुलियन-बॅरे सिंड्रोमची साथ पसरली. पुणे परिसरात दोनशेहून अधिक रुग्ण झाले, काही दगावले. संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. नांदेडच्या विहिरीतून आसपासच्या गावांना होणाऱ्या पुरवठ्याची चौकशी झाली. यातली बरीचशी गावं बावधन बुद्रुकबरोबर एकाच दिवशी महापालिकेत आलेली. साडेतीन वर्षांत त्यांना महापालिकेचा कर आला होता, शुद्ध केलेलं पाणी आलं नव्हतं. गावाची विहीर एका गावासाठी असते. शहराएवढी माणसं तिच्यावर आणून बसवली आणि शहराची जलवाहिनी आणली नाही, तर काय होतं ते त्या हिवाळ्यात दिसलं.

*

बावधन बुद्रुकमध्ये राहणाऱ्याने आपला कारभार कोणाकडे आहे हे शोधायचं ठरवलं तर काय दिसतं? कर आणि पाणी पुणे महापालिकेकडे. २०२१ मध्ये या गावांच्या नियोजनाचे अधिकार मात्र पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) देण्यात आले, त्यामुळे बांधकामाची परवानगी तिकडे गेली. पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. सातबाऱ्यासाठी तहसील पौडला. ओढ्यात कोणी भराव टाकला तर तक्रार कुठे करायची? प्रत्येक खिडकीवर पुढच्या खिडकीचं नाव मिळतं. टेकडी फोडणाऱ्याला मात्र यातली नेमकी फट माहीत असते.

२०२१ पर्यंत तिथे ग्रामपंचायत होती आणि तिच्यासोबत ग्रामसभा. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. सरपंचाला उभं राहून प्रश्न विचारायचा, खर्चाचा हिशेब मागायचा, ठराव मांडायचा हक्क त्याला कायद्याने मिळालेला आहे. महापालिकेत असा हक्क सामान्य माणसाला कुठेही नाही. तिथे नगरसेवक बोलतो, तुम्ही गॅलरीत बसता. बावधन बुद्रुक गाव असताना हजारो सुशिक्षित माणसं तिथे राहायला आली होती. अभियंते, डॉक्टर, हिशेबनीस, प्राध्यापक, भूजल जाणणारे. त्यांच्यातले बरेच जण मतदार म्हणून कोथरूडलाच राहिले, किंवा मूळ गावी. ग्रामसभा हे आपलं काम आहे असं फार थोड्यांना वाटलं. जे गेले त्यांना गावकऱ्यांनी आधी परकं मानलं, हेही खरं. सोसायटीवाले आणि गाववाले असे दोन पक्ष पडले आणि दोघांच्या मधून रस्ता, नाला, टेकडी यांचे निर्णय भलत्यांनीच घेतले.

हे टाळता येत नाही असं नाही. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाच्या बगाडाला चैत्री पौर्णिमेला आजही गर्दी लोटते. काचेच्या इमारतींच्या सावलीतून बगाड जातं. त्या दिवशी गाव आपलं गावपण राखून असतं, कारण त्यात प्रत्येक घराला, प्रत्येक भावकीला काम ठरलेलं आहे. कोणी दोर ओढायचा, कोणी जेवण घालायचं. नव्याने आलेल्या माणसाला असं एखादं काम ना गावाने दिलं, ना त्याने मागितलं. तो वर्गणी देऊन मोकळा झाला.

काही ठिकाणी माणसांनी स्वतःहून काम उचललं आहे. रामनदीच्या काठाने गेली काही वर्षं स्वच्छतेपासून पाण्याच्या तपासणीपर्यंत कामं करणारे गट आहेत, त्यात जुने गावकरी आणि नवे रहिवासी खांद्याला खांदा लावून दिसतात. १९९७ च्या तेवीस गावांतल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर जागा जैववैविध्य उद्यानासाठी, म्हणजे बीडीपीसाठी, राखली गेली ती पुण्याच्या नागरिकांच्या दीर्घ चळवळीमुळे. २०१५ साली शासनाने त्या आरक्षणावर निर्णय दिला, जमीनमालकांना आठ टक्के टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देऊ केला. मालकांना तो पुरेसा वाटत नाही, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. टेकडी सगळ्यांनी बघायची आणि तिची किंमत एकाच कुटुंबाने सोसायची, हा न्याय नव्हे. टेकडीसमोरची सदनिका जास्त दराने विकली जाते. तो जास्तीचा दर टेकडीच्या मालकापर्यंत पोचेल अशी काही व्यवस्था व्हायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

*

‘शहरापासून वीस मिनिटं’ हे वाक्य बावधनच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं छापलं गेलं. चांदणी चौकात ती वीस मिनिटं कधी तासाची झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचा ताफाच तिथल्या कोंडीत अडकला आणि कामाला वेग आला. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर सुमारे सहाशे किलो स्फोटकं लावून जुना पूल पाडला गेला. सळया इतक्या चिवट निघाल्या की उरलेला सांगाडा यंत्रांनी तोडावा लागला. १२ ऑगस्ट २०२३ ला नवे उड्डाणपूल खुले झाले. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वनाजपासून चांदणी चौकापर्यंत मेट्रो वाढवायला मान्यता दिली, वाघोलीकडच्या टोकासह एकूण १२.७५ किलोमीटर.

ही कामं आवश्यक होती. पण रस्ता मोकळा झाला की अर्ध्या तासाचं वर्तुळ मोठं होतं. आता ते भूगाव-भुकूमला मागे टाकून पिरंगूटच्या घाटापलीकडे गेलं आहे. भूगावच्या अरुंद रस्त्यावर सकाळी आज जी रांग लागते, ती पूर्वी चांदणी चौकात लागायची.

समुद्राकडे पाहिलं तरी हेच. १५ मार्च २०२० ला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू उघडला, आणि अलिबाग, किहीम, नागावच्या वाड्यांचे भाव मुंबईच्या खिशाने ठरू लागले. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि तो ज्या जमिनीत पिकतो तिलाही आज बंगल्यांसाठी मागणी आहे. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा थर पातळ असतो. प्रत्येक बंगल्याच्या तरणतलावासाठी उपसा झाला की खारं पाणी आत सरकतं आणि शेजारच्या नारळी-पोफळीची विहीर मचूळ होते.

शहर आणि गाव दोन्हींचं सुख एका जागी मिळावं, हा विचार जुना आहे. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्डने १८९८ साली उद्याननगरीची कल्पना मांडली आणि १९०३ पासून लेचवर्थ उभं राहू लागलं. आपल्याकडच्या गृहप्रकल्पांनी त्यातली बाग तेवढी उचलली. हॉवर्डचा खरा आग्रह वेगळा होता. सगळी जमीन एका सामाईक विश्वस्त संस्थेकडे असावी, भाव वाढला तर तो पैसा गावाच्या कामाला यावा, सहा हजार एकरांपैकी हजार एकरांवरच वस्ती आणि बाकी पाच हजार शेतीला, कायमची. बत्तीस हजार माणसं झाली की तिथे थांबायचं आणि पुढचं गाव शेताच्या पट्ट्यापलीकडे वसवायचं. थांबायचं कुठे, हे त्याने आधी ठरवलं होतं. मुळशीत ते कोणीच ठरवलेलं नाही.

*

ज्यांना आज खरोखर गावात राहायला जायचं आहे, त्यांना मी परावृत्त करणार नाही. पण जागा बघायला पावसाळ्यात जाऊ नये. जून ते सप्टेंबर मुळशी इतकी देखणी असते की माणूस चेक फाडून मोकळा होतो. मे महिन्यात जावं, दुपारी. विहिरीत डोकावून तळ दिसतो का ते पाहावं. मैलापाणी कुठे सोडणार ते विचारावं, आणि उत्तर ‘मागच्या ओढ्यात’ असं असेल तर तिथून निघावं. तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार सगळेच काढतात. गावनकाशाही काढावा आणि त्यावर ओढा, पाणंद, स्मशानाची वाट, गुरांची वाट शोधावी. आपल्या कुंपणात पाणंद येत असेल तर ती मोकळी ठेवावी. ज्या वाटेने शंभर वर्षं भाताचे भारे गेले, तिथे फाटक लावणाऱ्याला गाव मनातून कधीच आपला म्हणत नाही.

घर बांधताना खाचरांचे बांध फोडू नयेत. ते पाणी अडवण्याची तयार यंत्रणा आहेत, पूर्वजांनी पाठीवर दगड वाहून केलेली. बाजूच्या खाचरात कोणी भात लावत असेल तर वर्षाचा भात त्याच्याकडून घ्यावा, बाजारभावापेक्षा थोडा चढा देऊन घ्यावा. शेजारचं खाचर हिरवं राहावं असं वाटत असेल तर ते करणाऱ्याचा संसार त्यावर चालला पाहिजे. त्याची जमीन त्याला परवडली तरच ती विकली जाणार नाही. दिवे कमी लावावेत. कुत्री मोकळी सोडू नयेत, रात्री बिबट्या येतो आणि मग बिबट्याला पकडायची मागणी होते.

आणि मतदारयादीत नाव तिथे न्यावं. भूगाव, भुकूम, पिरंगूट, पौड इथे अजून ग्रामपंचायती आहेत, किती दिवस राहतील ते सांगता येत नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात आणि त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सुमारास होतात. तिथे पहिल्या वेळी ऐकत बसावं. दुसऱ्या वेळी ओढ्याच्या हद्दीची मोजणी करून खुणा रोवाव्यात असा ठराव मांडावा, नव्या बोअरची नोंद पंचायतीकडे व्हावी असं सुचवावं, प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या मैलापाण्याचा आराखडा सभेपुढे यावा असं म्हणावं. गावातल्या बायका पाण्याच्या प्रश्नावर पाठीशी उभ्या राहतात, हा बहुतेक गावांतला अनुभव आहे. घोंगडी त्यांच्या शेजारी टाकावी.

दिवाळी संपली की भाताची मळणी उरकते, शिवार मोकळं होतं. त्यानंतरची ग्रामसभा जानेवारीच्या सव्वीस तारखेच्या सुमारास असते.